सात वर्षांच्या बोलीवर आलेली फाईल

मी एक जुनी फाईल आहे. जुनी म्हणजे किती, तर नऊ वर्षांची. हसलात ना? तुमच्या वर्गातला पंखासुद्धा याहून म्हातारा असेल. पण मित्रांनो, मी या जगात सात वर्षांच्या बोलीवर आले होते. सात वर्षं भरली की मला नष्ट करायचं, असा कायदाच आहे. म्हणजे वरची दोन वर्षं मला फुकटची मिळाली आणि त्या दोन वर्षांनीच सगळा घोळ घातला. तो घोळ कसा झाला आणि कसा निस्तरला, ते सांगायला मी बसले आहे. वेळ थोडा आहे, कारण उद्या सकाळी अकरा वाजता मला कापायच्या यंत्रात घालणार आहेत. रडू नका. मी रडत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. माझ्या पोटात एका मुलाचं नाव आहे. ते बाहेर सांगायला बंदी आहे आणि मी बंदी पाळणारी फाईल आहे. म्हणून इथे मी त्याला प्रज्ञेश म्हणेन. हे त्याचं खरं नाव नव्हे. बाकीच्यांची नावंही मी बदलली आहेत. कार्यालय कोणतं, जिना कुठला, हेही विचारू नका. रत्नागिरीच्या मुलखातली गोष्ट आहे, एवढं पुरे.

माझा जन्म कोल्हापूरकडचा. जाड खाकी पुठ्ठा, पाठीला कापडी पट्टी, दोन भोकं आणि त्यातून ओवलेली पांढरी नाडी, असं माझं रूप. पन्नास बहिणींच्या गठ्ठ्यात बांधून मला एसटीच्या पार्सलात टाकलं आणि आंबा घाट उतरून मी कोकणात आले. वाटेत पालीचा बाजार लागला. माझं सगळं आयुष्य या गावाशी बांधलेलं असणार आहे, हे तेव्हा मला काय ठाऊक! मी आपली गठ्ठ्यातल्या फटीतून भाजीवाल्यांचे ढीग बघत होते.

आम्ही बहिणी मनात मोठमोठे बेत करत होतो. कुणाला धरणाची फाईल व्हायचं होतं, कुणाला पुलाची. मला शिष्यवृत्तीची फाईल व्हायची फार हौस होती. हुशार मुलांची गुणपत्रकं पोटात घेऊन मिरवावं, असं वाटायचं. पण मी गेले बाल न्याय मंडळाच्या टेबलावर. अठरा वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातून गुन्हा घडला, तर त्याचं प्रकरण मोठ्यांच्या कोर्टात जात नाही. ते या मंडळापुढे येतं. तिथे एक मॅजिस्ट्रेट असतात आणि जोडीला दोन समाजसेवक. मी हिरमुसले. चोऱ्यामाऱ्या सांभाळायला का मी जन्माला आले, असं मला वाटलं. तेव्हा मी अगदीच कोरी होते आणि कोऱ्या फाईलला अक्कल कमी असते.

माझ्या पोटात पहिला कागद गेला तो पोलिसांचा. प्रज्ञेश तेव्हा पंधरा वर्षांचा होता. पालीजवळच्या एका बौद्धवाडीत तो आणि त्याची आई जाईबाई राहत. त्याने आंब्याच्या बागेतला पाण्याचा पंप चोरला होता. भर दुपारी, राखणदार जेवायला बसले असताना. बरोबर दोन मोठी मुलं होती. आरडाओरडा झाला तशी ती दोघं पळाली. प्रज्ञेश पळाला नाही, कारण पंप त्याच्याच खांद्यावर होता. तो जड पंप टाकून पळावं एवढंही त्याला सुचलं नाही. मला तेव्हाच वाटलं, हा काही मुरलेला चोर नव्हे.

मंडळाच्या परिवीक्षा अधिकारी होत्या स्नेहलताई. मुलाचं घर कसं आहे, शाळा कशी आहे, संगत कुणाची आहे, हे सगळं बघून मंडळाला अहवाल द्यायचा, हे त्यांचं काम. त्या पालीला उतरून वाडीपर्यंत चालत गेल्या आणि जाईबाईंच्या ओट्यावर दोन तास बसल्या. निघताना म्हणाल्या, "घरात असतील नसतील तेवढे कागद घेऊन या."

जाईबाईंनी ते शब्दशः घेतलं. दुसऱ्या दिवशी त्या प्लास्टिकच्या पिशवीत घरातला प्रत्येक कागद घेऊन हजर. शाळेचा दाखला, रेशनकार्ड, लसीकरणाचं कार्ड आणि नवऱ्याचं ओळखपत्र. नवरा म्हणजे बाबाजी. मुंबईच्या गोदीत कामाला होते आणि प्रज्ञेश चार वर्षांचा असताना वारले. त्यांच्या ओळखपत्रावर बोटभर फोटो होता. घरात त्यांचा दुसरा फोटो नव्हता. त्या दिवशी नेमकी वीज गेलेली, झेरॉक्सचं दुकान बंद. उशीर होतो म्हणून स्नेहलताईंनी बाकीचे कागद बघून परत दिले आणि ओळखपत्र मात्र माझ्यात लावलं. "राहू दे इथे. झेरॉक्स काढून देते, मग घेऊन जा," असं त्या म्हणाल्या. बाबाजी माझं पान तेवीस झाले. पुढच्याच महिन्यात स्नेहलताईंची बदली झाली आणि झेरॉक्स राहून गेली.

मंडळाने प्रज्ञेशला कडक समज दिली आणि बारा रविवार सरकारी रोपवाटिकेत काम करायला सांगितलं. काजूच्या कलमांच्या पिशव्या भरायच्या, पाणी घालायचं, तण काढायचं. मला वाटलं, दोन रविवार येईल आणि तिसऱ्याला दांडी मारेल. माझा अंदाज साफ चुकला. बाराही रविवार तो पहिल्या गाडीने आला. बारा तारखा, बारा सह्या, एकही खाडाखोड नाही. शेवटी रोपवाटिकेच्या माळ्याने शेरा लिहिला, "मुलगा बोलत नाही, पण कलम मरू देत नाही." ते माझं पान एकतीस. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, त्या पानाचा मला इतका अभिमान वाटायचा की शेजारची पेन्शनची फाईल कंटाळून गेली होती.

शेवटच्या तारखेला मॅजिस्ट्रेट बाईंनी माझ्यावर सही केली, मला मिटलं आणि जाईबाईंना जवळ बोलावलं.

"जाईबाई, विषय संपला. आता या जिन्यावर परत पाऊल ठेवायचं नाही. कळलं?"

बाई प्रेमाने बोलल्या होत्या. पण जाईबाईंनी तोसुद्धा सरकारी हुकूम समजला. जिना उतरता उतरता त्यांना ओळखपत्राची आठवण झाली. त्या मधल्या पायरीवर थांबल्या, वर पाहिलं आणि तशाच खाली गेल्या. वाडीत कुणी विचारलं तर त्या म्हणायच्या, "पोर परत दिलानी नि फोटो ठेवून घेतलानी. चालायचंच." हे मला पुष्कळ उशिरा कळलं. मुलगा सुटला त्याच्या बदल्यात नवऱ्याचा फोटो सरकारजमा झाला, असं ही बाई नऊ वर्षं धरून चालली होती. दरवर्षी बाबाजींच्या स्मृतिदिनी, पुण्यानुमोदनाच्या वेळी, घरात बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर मांडली जायची, मेणबत्त्या लागायच्या आणि बाबाजींच्या जागी नुसती फुलं ठेवलेली असायची.

माझे दिवस मात्र छान चालले होते. रेकॉर्डची खोली अकबरभाईंच्या ताब्यात होती. असा माणूस फाईलच्या नशिबी क्वचित येतो. रत्नागिरीची हवा खारी आणि दमट. कागद नरम पडतो, कसर लागते, भिंतीतून वाळवी चालून येते. अकबरभाई दर आठवड्याला आम्हाला झटकायचे, मध्ये मध्ये कडुनिंबाचा पाला ठेवायचे आणि लाल रुमालात अशा बांधायचे की गाठ सुटायची नाही आणि नाडी काचायची नाही. पान फाटलेलं त्यांना खपत नसे. कुणी साहेब फाईल चाळताना बोट थुंकीने ओलं करू लागला, की अकबरभाई पाण्यात भिजवलेला स्पंजचा तुकडा त्याच्यापुढे सरकवायचे. तोंडाने काही बोलायचे नाहीत.

सात वर्षं भरली. मुदत संपलेल्या फाईलींची यादी निघाली. चौदा जणी होतो. तेरा गेल्या. मी चौदावी. अकबरभाईंनी शेवटची तपासणी म्हणून मला चाळलं आणि पान तेवीसवर त्यांचा हात थांबला. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी बाबाजींचा फोटो उजेडात धरला.

"हे मूळ आहे," ते स्वतःशीच म्हणाले. "याची दुसरी प्रत कुठे दिसत नाही."

आता तुम्ही म्हणाल, मग काढून ठेवायचा होता फोटो आणि टाकायचं होतं फाईलला यंत्रात. पण अकबरभाई नेकीचे. घरच्यांच्या लेखी अर्जाशिवाय फाईलमधलं पान काढायचं नाही, हा नियम त्यांनी तीस वर्षं मोडला नव्हता. बरं, अर्ज करा असं पत्र पाठवावं, तर वाडीतलं टपाल आधी दुकानावर उतरतं आणि घरी पोचेपर्यंत चार जणांनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलेलं असतं. बाल न्याय मंडळाचा शिक्का दिसला की विझलेलं परत पेटलं असतं. म्हणून त्यांनी पत्र पाठवलं नाही. कधीतरी जाईबाई स्वतः येतील, असं म्हणून त्यांनी मला लहान कपाटात ठेवलं आणि वर चिठ्ठी लावली, 'मूळ कागद परत देणे बाकी'. इकडे हे वाट बघतायत आणि तिकडे जाईबाई हुकूम पाळतायत. दोन भली माणसं एकमेकांच्या भल्यासाठी गप्प बसली आणि मी जिवंत राहिले.

तेव्हा मला फार मोठेपणा वाटला. तेरा बहिणी गेल्या, मला एकटीला स्वतंत्र कपाट! काहीतरी विशेष आहे बाई आपल्यात, असं वाटून मी ऐसपैस बसले.

दरम्यान प्रज्ञेश मोठा झाला. दहावी झाला, आयटीआय केलं आणि लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत फिटर म्हणून लागला. कंपनीच्या बसने जायचा, पाळी करायचा, सुट्टीला पालीला यायचा. चोवीस वर्षांचा झाला आणि लांज्याच्या एका मुलीशी लग्न ठरत आलं. बोलणी करायला मुलीकडची माणसं आली होती. प्रज्ञेश त्यांना घेऊन पालीच्या बाजारात चहा प्यायला थांबला. तिथे नितेश भेटला. नितेश त्याच्या शेजारच्या वाडीतला, शाळेपासूनचा ओळखीचा. त्याने लांबूनच हाक मारली.

"काय रे पंप्या! पावण्यांना पंप दाखवलास काय?"

बघा मित्रांनो, मी कुलपात होते. माझ्यावर लाल रुमाल होता, रुमालाला गाठ होती. तरी माझं पहिलं पान नितेशच्या तोंडातून बाजारभर फिरत होतं. बारा रविवारांचं पान मात्र कुणाच्या तोंडी नव्हतं. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रज्ञेशचं डोकं फिरलं. त्याने उठून नितेशला जोरात ढकललं. मागे चिऱ्यांचा ढीग होता. नितेश त्यावर पडला आणि त्याच्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं.

हे चुकलंच. कुणी काही म्हटलं म्हणून हात उचलायचा नसतो, हे मी प्रज्ञेशची फाईल असूनही सांगते. त्यालाही ते कळलं होतं. कोर्टात त्याने एका वाक्यात गुन्हा कबूल केला. आता प्रश्न शिक्षेचा होता. चांगल्या वागणुकीचा बाँड घेऊन सोडायचं की तुरुंगात पाठवायचं, हे न्यायाधीशांनी ठरवायचं होतं. तुरुंग म्हणजे नोकरी गेली, लग्न मोडलं आणि जाईबाई घरात एकट्या.

आणि इथे मी मध्ये आले. नितेशने सरकारी वकिलांना पंपाची गोष्ट सांगितली. सरकारी वकिलांनी अर्ज केला, आरोपीची जुनी फाईल मागवावी. एरवी उत्तर गेलं असतं की नियमाप्रमाणे फाईल नष्ट केली आहे. पण मी होते ना, कडुनिंबाच्या पाल्यात सुखरूप! अकबरभाईंनी मला पाकिटात घातलं, लाखेचं सील केलं आणि छातीशी धरून कोर्टात आणलं.  माझा ऊर भरून आला होता. पाकिटात अंधार होता, पण ऐकू सगळं येत होतं आणि कडेच्या फटीतून थोडंफार दिसतही होतं.

सरकारी वकील म्हणाले, "साहेब, आरोपीचा हा काही पहिला गुन्हा नव्हे. पंधराव्या वर्षापासून याची हीच तऱ्हा आहे. पुरावा समोर पाकिटात आहे."

पुरावा म्हणजे मी! संतापाने माझी नाडी ताठ झाली. उघडा मला, मी मनात म्हटलं. आत्ता उघडा! पान एकतीस वाचा आणि मग बोला काय बोलायचं ते. मीच या मुलाला सोडवते की नाही बघा.

प्रज्ञेशची बाजू मांडायला सरकारी मदतीतून एक वकीलबाई मिळाल्या होत्या, आम्रपाली. आवाज तरुण, पण बोलणं ठाम. त्या म्हणाल्या, "साहेब, लहानपणी मंडळापुढे आलेली गोष्ट मोठेपणी कुणाच्या आड येऊ द्यायची नाही, असा कायदा आहे. हे कागद सात वर्षांनी नष्टच व्हायला हवे होते. जे असायलाच नको, ते वाचून शिक्षा कशी ठरवणार?"

न्यायाधीश म्हणाले, "जेवणानंतर बघू."

अकबरभाई मला मांडीवर घेऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसले. पलीकडच्या खांबाशी आम्रपाली, प्रज्ञेश आणि जाईबाई उभे होते. अकबरभाईंनी सभ्यपणे तोंड फिरवलं. मी काही तोंड फिरवू शकत नव्हते, आणि फिरवलंही नसतं.

आम्रपाली म्हणाल्या, "एक मार्ग आहे, तो सांगणं माझं काम आहे. त्या फाईलमध्ये तुमच्या बारा रविवारांच्या सह्या आहेत ना? आपणच म्हटलं की उघडा, तर साहेब कदाचित उघडतील. चांगला शेरा कामाला येईल."

"उघडू दे," प्रज्ञेश लगेच म्हणाला. "हीच तऱ्हा म्हणतात. दाखवू दे मना एकदा, मी काय केलं होतं ता."

शाब्बास, मी म्हटलं.

तेवढ्यात जाईबाई बोलल्या. "आन् दुसरा कुनी मागाहून उघडलान तर? तो शेवटचा पान वाचील कशावरून?"

मग त्या प्रज्ञेशला म्हणाल्या,

"तुझी चूक नि तुझा चांगुलपना एकाच नाडीत बांधलेला हाय, बाबा. एक दाखवायला गेलास की दुसरा आपोआप दिसतो. त्या येळला तुला जोखून घेतलानी. निकाल दिलानी. आता परत परत किती येळा जोखून घ्यायचा? आन् आज बरा निघालास, तरी उद्या लांज्याची मान्सं इचारतील, फाईलीत काय होतां? नको. ऱ्हाऊ दे बंद."

"आये, पन बाबांचा फोटो..." प्रज्ञेश हळूच म्हणाला. "असला तर त्याच्यातच असल. उघडली तर दिसल तरी."

 जाईबाई म्हणाल्या, "त्येंना इचारलास, तर ते पन हाच सांगतील."

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला माझी लाज वाटली. मी मुलाला सोडवायला निघाले होते, पण खरं तर मला माझं एकतिसावं पान मिरवायचं होतं. ते पान गाठायला आधीची तीस पानं उलटावी लागतात, हे माझ्या पुठ्ठ्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. जाईबाई शाळेत फार गेल्या नव्हत्या, पण त्यांना ते उभ्या उभ्या कळलं. मी पाकिटात अंग चोरून बसले. आता मला एकच वाटत होतं, कुणी उघडू नये.

जेवणानंतर न्यायाधीशांनी पाकीट हातात घेतलं. त्यांचं बोट लाखेवर टेकलं आणि तिथेच राहिलं.

"ही फाईल नऊ वर्षांनी शिल्लक कशी?" त्यांनी विचारलं. "रेकॉर्ड कोण सांभाळतं?"

अकबरभाई उभे राहिले. त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. बदलीवर, पावसावर, वाळवीवर ढकलायला शंभर जागा होत्या.

"चूक माझी आहे, साहेब," ते म्हणाले. "यादीत नाव होतं. मी मागे ठेवली. आत एका गेलेल्या माणसाचा फोटो आहे, मूळचा. अर्जाशिवाय काढता येत नव्हता आणि यंत्रात घालायला हात धजावला नाही. पत्र पाठवलं असतं तर गावात बोभाटा झाला असता. मी वाट बघत राहिलो. माझ्या वाट बघण्याने या पोरावर ही वेळ आली."

मागच्या बाकावरून जाईबाईंचा आवाज आला. "म्हंजे फोटो हाय? आमच्या ह्येंचा? फाडलानी नाय?"

"आहे, जाईबाई," अकबरभाई मागे वळून म्हणाले. "जसाच्या तसा आहे."

शिपाई 'शांत राहा' म्हणायला उठला होता. न्यायाधीशांनी हाताने त्याला बसवलं. मग त्यांनी नितेशला पुढे बोलावलं आणि विचारलं, हाड मोडल्यावर या माणसाने काय केलं?

नितेश कुरकुरला, पण बोलला खरं. "हात पलास्टरात होता, साहेब. लावनी तोंडावर. हा रजा टाकून आला नि चार दिवस माजा शेत लावलान. मी बांधावर बसून शिव्या घालीत होतो. हा गप." थोडं थांबून त्याने भर घातली, "ओळी वाकड्या लावलान. पन लावलान."

कोर्टात हसू फुटलं. सरकारी वकीलही हसले असावेत, कारण त्यानंतर ते काही बोलले नाहीत.

न्यायाधीश म्हणाले, "पंधरा वर्षांच्या मुलाबद्दल जे ठरवायचं, ते मंडळाने तेव्हाच ठरवलं. माझ्यासमोर चोवीस वर्षांचा माणूस उभा आहे. त्याने बाजारात काय केलं ते मी ऐकलं, शेतात काय केलं तेही ऐकलं. मला तेवढं पुरेसं आहे. हे पाकीट आहे तसं परत जाईल आणि मंडळाने नियमाप्रमाणे त्याची विल्हेवाट लावावी."

प्रज्ञेशला दोन वर्षांच्या चांगल्या वागणुकीच्या बाँडवर सोडलं. महिन्यातून एकदा परिवीक्षा अधिकाऱ्याकडे हजेरी लावायची आणि नितेशच्या औषधपाण्याचा खर्च भरून द्यायचा. लाख फुटली नव्हती. मी पाकिटात होते तशी परत आले आणि इतका हलका प्रवास मी आयुष्यात कधी केला नव्हता.

चार दिवसांनी जिन्यावर पावलं वाजली. मधल्या पायरीवर ती थांबली. अकबरभाई खुर्चीवरून उठून दारात गेले.

"या ना, जाईबाई."

"बाईसायबांनी येव नको म्हनून सांगितलानी होता," जाईबाई खालूनच म्हणाल्या.

"मी बोलावतोय. या तुम्ही."

त्या वर आल्या. अकबरभाईंनी अर्ज लिहून दिला, जाईबाईंनी एकेक अक्षर जोडत सही केली. मग अकबरभाईंनी माझी नाडी सोडली, पान तेवीस काढलं आणि त्या जागी चिठ्ठी लावली, 'मूळ प्रत परत दिली'. जाईबाईंनी ओळखपत्र पदराने पुसलं. पुसायची गरज नव्हती. माझ्याकडे त्यावर धूळ बसली नव्हती, एवढं मी छातीठोकपणे सांगते.

"केवढासा दिसतोय हो," त्या फोटोकडे बघत म्हणाल्या. "आमच्या प्रज्ञेशएवढाच की."

अकबरभाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. तोही स्वच्छच होता.

तर मित्रांनो, अशी माझी कहाणी. माझ्या जातीच्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा, आम्हाला टाकू नका. मी नेमकं उलटं सांगते. मला जपू नका. माझ्यासारखीची काळजी घ्यायची म्हणजे वेळ झाली की तिला जाऊ द्यायचं. आत कुणाचं प्रेमाचं काही अडकलं असेल, तर ते आधी ज्याचं त्याला पोचवा, पण पोचवा लवकर. आणि तुमच्या वर्गात एखादा पंप्या असेल, कधीतरी पकडलेला, कधीतरी चुकलेला, तर त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा. मला कापायला सरकारचं यंत्र आहे. तुमच्या तोंडातलं पान तुम्हालाच फाडावं लागेल.

नितेशचं काय झालं म्हणाल, तर तो अजून सुधारतोय. परवा बाजारात त्याने "काय रे पं..." एवढं म्हटलं आणि खोकून वेळ मारून नेली, असं जाईबाई सांगत होत्या.

उद्या अकरा वाजता अकबरभाई स्वतः मला यंत्राशी नेणार आहेत. वहीत ते फक्त माझा क्रमांक आणि तारीख लिहितील. माझ्या मुखपृष्ठावर निळ्या शाईत त्या मुलाचं खरं नाव आहे, ते सगळ्यात आधी कापलं जाईल. मग ते नाव त्याच्या कंपनीच्या ओळखपत्रावर उरेल आणि येत्या वैशाखात एका लग्नपत्रिकेवर, लांज्याच्या त्याच मुलीच्या नावाशेजारी, छापलं जाईल. ती पत्रिका कदाचित तुमच्या घरीही येईल. तुम्ही नाव वाचाल आणि तुम्हाला त्यात काहीच ओळखू येणार नाही. त्यासाठीच मी चालले आहे.